मुदतीत की मुदतीपुरतं?

1993 साली आमच्या खालाला पोस्टाने तलाकनामा आला. अब्बा तिला घेऊन तालुक्याच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलांकडे गेले. आपल्यातलेच आहेत, समजून घेतील, एवढाच विचार. वकीलसाहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आपल्यात कागद आला की संपलं. मेहर आणि इद्दतीचा तीन महिन्यांचा खर्च मिळेल. शहाबानोनंतर कायदाच तसा झालाय." अब्बांना ते पटलंही. मोहल्ल्यात सगळे तेच सांगत होते.

वकीलसाहेब खोटं बोलत नव्हते. कायदा त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता, इतकंच.

शहाबानोंचा नवरा स्वतः इंदूरचा नावाजलेला वकील. 1978 मध्ये त्या पोटगीसाठी कोर्टात गेल्या. न्यायदंडाधिकाऱ्यांनी महिना 25 रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्याशा रकमेविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1985 मध्ये हरला. तिथे शहाबानोंच्या बाजूने उभे होते दानियाल लतिफी, मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींचे नातू. पुढचा गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. 1986 मध्ये घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा आला. पोटगी आता इद्दतीपुरती, असं त्याचे समर्थकही म्हणाले आणि विरोधकही.

पण कायद्याच्या कलम 3 मध्ये तसं लिहिलेलंच नव्हतं. नवऱ्याने घटस्फोटितेसाठी वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाह इद्दतीच्या मुदतीत करावा, असे शब्द होते. मुदतीत द्यायचं आणि मुदतीपुरतं द्यायचं यात फरक आहे. भाडेकरूला विचारा! गुजरात उच्च न्यायालयाने 1988 मध्येच तो ओळखला: रक्कम इद्दतीत द्यायची, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याचीही करायची.

हे आम्हाला कळलं जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुसऱ्या वकिलांमुळे. अस्सल पेठी मराठी बोलणारे जोशीबुवा छापाचे गृहस्थ. अब्बा बिचकतच गेले होते. त्यांनी तलाकनामा बाजूला ठेवला आणि आधी निकाहनामा मागितला. मेहर किती ठरला, दिला का, माहेरचं सामान कुठे आहे, जावयाचं उत्पन्न किती, सगळं लिहून घेतलं. मग कपाटातून निकालांचा जाडजूड खंड काढून गुजरातचा निकाल अब्बांना मराठीत समजावला. म्हणाले, "आपल्या उच्च न्यायालयाचं अजून ठरायचंय. खात्री देत नाही, पण मांडू." फी चार हप्त्यांत घेतली, प्रत्येक वेळी पावती दिली.

कायदा म्हणतो, अर्जाचा निकाल शक्यतो महिन्याभरात द्यावा. खालाच्या अर्जाला तीन वर्षं लागली. एकरकमी पैसे मिळाले, मागितले त्याच्या निम्मे. पण तीन महिन्यांच्या खर्चाच्या कितीतरी पट.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हाच अर्थ 2000 साली मान्य केला. 1986 च्या कायद्याला लतिफींनी स्वतः आव्हान दिलं होतं. त्यावर 2001 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण याच अर्थासह. निकाल ऐकायला लतिफी हयात नव्हते. आणि 2024 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की शहाबानो ज्या कलम 125 खाली गेल्या, तो मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला आहे.

आजही नात्यातून फोन येतात, चांगला वकील सांगा म्हणून. मी नावापेक्षा प्रश्न सांगतो: इद्दतीनंतरचं काय, असं त्यांना विचारा. तीन महिने म्हणाले तर सलाम करून उठा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. प्रश्न मात्र त्यालाही हाच विचारायचा.