डिकी कुणी कापली?

आपल्याकडच्या छोट्या सेडानकडे बाजूने नीट बघा. पुढून बरी दिसते, मधेही बरी दिसते. मागे मात्र छप्पर घाईघाईने खाली येतं आणि डिकी शेपूट तोडल्यासारखी अचानक संपते. डिझायनरला जमलं नाही, असं वाटेल. पण तो कट मारला दिल्लीतल्या अर्थसंकल्पाने.

मी चऱ्होलीत राहते. गावाच्या पश्चिमेला चिखली-पिंपरीकडे टाटांचा कारखाना. उत्तरेला, इंद्रायणी ओलांडून आळंदीमार्गे गेलं की चाकण. ही गोष्ट या दोन ठिकाणच्या गाड्यांची आहे.

१९९८ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंडिका आणली. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून पुण्यात आणून उभा केला होता. २००२ मध्ये त्याच गाडीला मागे डिकी जोडली आणि इंडिगो झाली. डिकीवाली म्हणजे मोठी गाडी, हा आपला हिशेब. दारात ती उभी राहिली की पाहुण्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

इंडिगोची लांबी होती ४१५० मिलिमीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात नियम आला: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के. भारत छोट्या, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचं केंद्र व्हावा, हा हेतू. इंडिगो दीड वीत नाही, फक्त १५० मिलिमीटर जास्त होती. २००८ मध्ये इंडिगो सीएस आली, लांबी ३९८८. दोन चाकांमधलं अंतर तेच, २४५० मिलिमीटर. म्हणजे बसणाऱ्याच्या पायांना धक्का नाही, कात्री लागली ती मागच्या भागाला. रेषेपासून उरले फक्त १२ मिलिमीटर.

मग सगळेच त्या वाटेने गेले. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ मध्ये ३९९५ ची झाली.

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथे २०१६ मध्ये खास भारतासाठी अमिओ बनली. पोलो ३९७१ मिलिमीटर, अमिओ ३९९५. अख्खी डिकी काढायची होती आणि जास्तीची लांबी मिळाली २४ मिलिमीटर! म्हणून पुढचा बंपरही आखूड केला. गाडी 'प्रीमियम' वाटावी म्हणून क्रूझ कंट्रोल दिला, पाऊस पडला की आपोआप चालणारे वायपर दिले. सामानाला जागा ३३० लिटर. तिथेच बनणाऱ्या, रेषेबाहेरच्या व्हेंटोत ४९४.

यात ग्राहकाचं नुकसान झालं का? पैशाने नाही. ज्या घरात पहिली गाडी येत होती, तिथे करातली बचत मोठीच होती. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. नियमाने लांबी आणि इंजिन मोजलं, म्हणून कंपन्यांनी मिलिमीटर वाचवले. अपघातात आतला माणूस किती सुरक्षित राहील, हे त्या मोजपट्टीवर नव्हतंच. अमिओच्या सगळ्या मॉडेलमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस होतं, पण त्याबद्दल करात एक पैशाची सूट नव्हती. ते दिलं काय, न दिलं काय, कर तेवढाच.

अमिओ २०२० मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये चाकणहून आलेली व्हर्टस ४५६१ मिलिमीटरची आहे, डिकी ५२१ लिटर. तिने रेषेचा नाद सोडला आणि जास्तीचा कर पत्करला.

रेष मात्र अजून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, बाहेरच्यांवर ४०. विजेच्या गाड्यांना लांबी कितीही असो, ५ टक्केच. म्हणजे चार मीटरचा धाक फक्त पेट्रोल-डिझेलला उरलाय. उद्या कुणी नवी मोजपट्टी आखायला बसलं, तर तिच्यावर काय मोजायचं हे आधी ठरवायला हवं. गाड्या त्या मापाच्या होतातच, हे आपण डिकीत बघितलंय.