टाकं, टँक, टँकर: एका शब्दाची आमच्या तलावापर्यंतची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो. गाव साकोली तालुक्यातलं, जिल्हा भंडारा. तलाव जवळजवळ आटलेला, काठाला बेशरम माजलेली. गाळ कोणी काढायचा यावर पारावर वाद चालू होता. मी एक सरकारी यादी मोबाइलवर उघडून वाचून दाखवली. तिच्यात आमच्या तलावापुढे लिहिलं होतं ‘एक्स-मालगुजारी टँक’. आबाजी ऐकत होते. म्हणाले, “टँक नोहोय बापू, तलाव होय तो. टँक त घरावर रायते.”

सगळे हसले, मीही हसलो. पण पुण्याला परतताना बसमध्ये तोच शब्द डोक्यात घोळत राहिला. टँक. हा शब्द आला कुठून?

आता गंमत बघा. हा इंग्रजी शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. 17व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर उतरले. इथे गुजरातीत ‘टांकुं’ होतं, मराठीत ‘टाकं’. दोन्हींचा अर्थ पाणी साठवायची जागा. किनाऱ्यावर पोर्तुगीज आधीपासून होते आणि त्यांच्याकडे ‘टांक’ असा तळ्यासाठीचा शब्द होता. त्याचं मूळ ‘पाणी अडवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. कोशकार इंग्रजी ‘टँक’चा माग या दोन्ही वाटांनी काढतात. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तर या एका शब्दावर लांबलचक चर्चा आहे.

टाकं म्हणजे काय, हे किल्ले फिरणाऱ्यांना सांगायला नको. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आठवा. कातळात खोदलेली, उन्हाळ्यातही गार पाणी देणारी. आणि दगड फोडायच्या छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ती टाकी.

म्हणजे इंग्रजीत शिरला तेव्हा टँकचा अर्थ होता जमिनीतलं, उघडं, गावाच्या उपयोगाचं पाणी. हिंदुस्थानातल्या इंग्रजीत तो तसाच टिकला. विलायतेत मात्र त्याच शतकाच्या अखेरीपर्यंत टँक म्हणजे कुठलंही मोठं भांडं होऊ लागलं. पुढे वाफेची इंजिनं आली, जहाजं आली, तेल आलं. टँक लोखंडाचा झाला आणि त्याला झाकण बसलं.

मग आलं पहिलं महायुद्ध. ब्रिटनमध्ये एक चिलखती गाडी गुपचूप बनत होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत असं भासवायचं ठरलं आणि 1915च्या डिसेंबरात तिला ‘टँक’ हे खोटं नाव मिळालं. 15 सप्टेंबर 1916ला फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत ती पहिल्यांदा रणांगणात उतरली. गुपित फुटलं, नाव चिकटलं ते कायमचं. मराठीने तिच्यासाठी ‘रणगाडा’ हा आपला शब्द घडवला, त्यामुळे आपला घोटाळा टळला.

शब्द तिथेही थांबला नाही. विचार करणाऱ्यांची संस्था म्हणजे थिंक टँक. पोहण्याच्या टँकमध्ये घालायच्या कपड्यावरून टँक टॉप. शेअर कोसळला की ‘टँक झाला’. आमच्या ऑफिसात रिलीजनंतर ॲपचं रेटिंग टँक होतं आणि सगळ्यांचा शनिवार जातो.

याच 1916 साली लंडनमध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वैनगंगा खोऱ्यातल्या कोहळी समाजावर एक प्रकरण आहे. कोहळ्यांची ओळख दोन गोष्टींसाठी: ऊस लावणारे आणि ‘टँक’ बांधणारे. म्हणजे एकाच वर्षी तिकडे टँक चिखलातून तोफा ओढत होता, आणि इकडे त्याच शब्दात आमचे तलाव नोंदले जात होते.

हे तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळायची. नवेगावबांध त्यातला सगळ्यात नावाजलेला. 1999 साली गोंदिया वेगळा होईपर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता. आमचा शिवनीबांधही त्याच परंपरेतला. वरचा तलाव भरला की सांडवा खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्या बोडीत, असं पाणी उतरत जातं. मधे धानाच्या बांध्या. पाण्यात ढिवरांची मासोळी, काठावर गुरं, चिखलात कमळकंद. या सगळ्याला तलाव म्हणतात.

1860च्या दशकात इंग्रजांनी महसूल भरणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. तलावही त्यांच्या नावावर गेले. तरी गावाचे निस्ताराचे हक्क, पाण्याचे रिवाज कागदावर लिहिलेले असायचे. गाळ काढायला, पाळ दुरुस्त करायला गाव जमायचं. मालगुजारी काही सोन्याची नव्हती. वेठबिगार होती, जुलूम होता. पण तलाव कोणाचा हा प्रश्न नव्हता.

मध्य प्रदेशच्या 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजार ‘माजी’ झाला, तसा तलावही. माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’. लहानपणी मला वाटायचं, कोणाच्या तरी मामाने बांधला असेल! पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या खात्याकडे.

या नावाकडे जरा नीट बघा. बांधणाऱ्याचं नाव त्यात नाही. वापरणाऱ्याचंही नाही. आहे ते सोडून गेलेल्या मालकाचं. आमच्याकडे कोडमध्ये असं होतं. फाइलवर नोकरी सोडून गेलेल्याचं नाव असतं, सगळे ती वापरतात आणि बिघडली की हात लावायला कोणी धजत नाही.

आणि ‘टँक’ म्हटलं की मोजायचं काय? पाणी किती मावतं, सिंचन किती हेक्टर. मासोळी, कमळ, काठावरचं गवत या रकान्यांत येतच नाही. भांड्यात गाळ साचला की मशीन लावून भांडं रिकामं करायचं, एवढंच सुचतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत काही तलावांत वेगळं करून पाहिलं. बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासोळीची काळजी घेतली. त्यांनी तलावाला भांडं समजलं नाही.

शब्दाचं शेवटचं रूप उन्हाळ्याच्या बातम्यांत रोज भेटतं: टँकर. जमिनीत खोदलेलं टाकं निघालं, जग फिरलं आणि चाकं लावून परत आलं. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या आमच्याकडे तरी ते दारात येऊ नये, एवढीच इच्छा.

पारावरचा वाद त्या दिवशी मिटला नाही. पण मी आबाजींना विचारलं, तलावाचं जुनं नाव काय? त्यांनी एक नाव सांगितलं. ते ना यादीत होतं, ना नकाशावर. मी ते वहीत लिहून घेतलं. तुमच्या गावच्या तलावाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात ती नावं वाचू.