जखिऱ्याचं पाणी

चेन्नईत भाड्याचं घर बघायला गेलं की स्टेशन किती लांब, पार्किंग आहे का, हे प्रश्न नंतर येतात. आधी विचारायचं असतं, "2015 ला पाणी कुठवर आलं होतं?" घरमालकही न लाजता भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीला छत्र्या माळ्यावर जातात, इथे त्याच सुमाराला बाहेर निघतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मान्सूनचा काळ. शहराचा बहुतेक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच महिन्यांत किनाऱ्याकडे वळतात.

या पोस्टिंगवर आल्यापासून मी इथल्या वादळांचा इतिहास जमेल तसा वाचतो आहे. कारण घरगुती आहे. मोठं वादळ किंवा पूर आला की सिव्हिल प्रशासन फौजेला बोलावतं. म्हणजे ज्या रात्री घरी माणूस हवा, नेमक्या त्याच रात्री मी घरी नसणार. घरी बायको, दहावीतली मुलगी आणि इन्सुलिन घेणारी आई. त्यांना माझ्याशिवाय तीन दिवस काढता आले पाहिजेत.

सुरुवात फोर्ट सेंट जॉर्जपासून करू. जुन्या मद्रासला बंदरच नव्हतं. जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्यावर यायचा. सप्टेंबर 1746 मध्ये फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याने हे शहर इंग्रजांकडून घेतलं. मुक्काम लांबला. 13 ऑक्टोबरच्या रात्री वादळ आलं. काही जहाजं बुडाली, उरलेल्यांच्या डोलकाठ्या मोडल्या, हजारावर माणसं गेली. इंग्रजांना जे जमलं नव्हतं ते वाऱ्याने एका रात्रीत केलं. ला बूर्दोनेला उरलंसुरलं आरमार घेऊन निघावं लागलं. पंधरा वर्षांनी पाळी इंग्रजांची होती. पाँडिचेरीला वेढा घालून बसलेल्या त्यांच्या आरमाराला 1 जानेवारी 1761 ला वादळाने गाठलं आणि तिथेही हजारभर खलाशी बुडाले. आपल्याकडे पानिपताला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

अशा तडाख्यांतून इथे एक नियम पक्का झाला. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत किल्ल्यावरचा झेंडा उतरवून ठेवायचा. अर्थ असा, की आता या किनाऱ्यावर थांबू नका. इंग्रजांचं आरमार त्या दिवसांत बहुधा मुंबईला जायचं. दुरुस्तीची गोदी तिथे होती. तयारी म्हणजे वेळेत निघून जाणं. जहाजाला ते जमतं. पण किनाऱ्यावरच्या कुप्पममध्ये, म्हणजे कोळीवाड्यात, राहणाऱ्याला घर उचलून मुंबईला नेता येत नव्हतं. झेंड्याचा नियम त्याच्यासाठी नव्हताच.

पुढची पायरी निरीक्षणाची. 1792 मध्ये नुंगम्बाक्कमला कंपनी सरकारची वेधशाळा उभी राहिली. काम मुख्यतः ताऱ्यांचं, पण हवेच्या नोंदीही ठेवल्या जाऊ लागल्या. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आजही नुंगम्बाक्कमलाच आहे. 1864 मध्ये कलकत्त्याला वादळाने हजारो माणसं मारली, तेव्हा बंदरांना आधी सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

त्याच वर्षांत मद्रासने दगडी बंदर बांधायला घेतलं. समुद्रात दोन भिंती टाकायच्या आणि आत जहाजं सुरक्षित ठेवायची. काम जवळजवळ पुरं होत आलं असताना नोव्हेंबर 1881 मध्ये वादळाने त्या भिंतींचा मोठा भाग उलथवून टाकला. पुढची कित्येक वर्षं दुरुस्तीत गेली. वारा आला की पक्कं बांधकाम पुरेसं, या समजुतीचं उत्तर तिथेच मिळालं होतं.

बंदरावर वादळाचे बावटे लागतात हे आपल्याला बातम्यांतून ठाऊक असतं. 'तीन नंबरचा बावटा', 'दहा नंबरचा बावटा'. दिवसा शंकू आणि पिंपासारख्या आकृत्या, रात्री दिवे. दहा नंबर म्हणजे महाभयंकर धोका. पण त्याच्यावर अकरा नंबरचाही आहे आणि तो मला सगळ्यांत शहाणा वाटतो. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला धोका दिसतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. बातमी येत नाही, हीच बातमी.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री धनुष्कोडीला हेच घडलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी लाटेखाली गेली, आतल्या शंभरावर माणसांपैकी कुणी वाचलं नाही. गाव कायमचं संपलं. बाहेरच्या जगाला हे सगळं उशिरा कळलं.

आजचं चित्र वेगळं आहे. उपग्रह आहेत, रडार आहे, वादळाचा मार्ग तीन-चार दिवस आधी नकाशावर दिसतो. तरी गेल्या दहा-बारा वर्षांत या शहराला तीनदा मोठा फटका बसला आणि तिन्ही वेळा घरं वेगवेगळ्या जागी तोकडी पडली.

1 डिसेंबर 2015 ला वाऱ्याचं वादळ नव्हतं. नुसता पाऊस. तांबरमला चोवीस तासांत 49 सेंटिमीटर. चेंबरंबाक्कम तलावातून 29,000 क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी वस्त्यांत शिरली. विमानतळ बंद, तळघरातली जनरेटरं पाण्याखाली. 2 डिसेंबरला 'द हिंदू' या वर्तमानपत्राचा चेन्नईतला अंक निघाला नाही. 1878 पासून असं कधी झालं नव्हतं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलेलं. पुण्याच्या जुन्या माणसांना हे नवीन नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि पुरात बुडालेलं शहर नंतर कित्येक दिवस पाण्यासाठी वणवण फिरत होतं.

साधारण एका वर्षाने, 12 डिसेंबर 2016 ला, 'वर्दा' आलं. या वेळी पावसापेक्षा वारा. ताशी शंभर किलोमीटरच्या वर. हजारो झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. पाणी साचेल म्हणून वरच्या मजल्यावर सामान चढवून बसलेल्यांच्या खिडक्या फुटल्या. वीज कुठे दोन दिवसांनी आली, उपनगरांत आठवडा लागला. नोटाबंदीला जेमतेम महिना झालेला. घरात रोकड नाही, वीज नाही म्हणून एटीएम बंद, नेटवर्क नाही म्हणून कार्ड चालत नाही. पैसे असलेला माणूस दुधाच्या पिशवीसाठी उभा राहिला आणि देता काही येईना.

डिसेंबर 2023 मध्ये 'मिचाँग' चेन्नईवर आलंच नाही. ते 5 तारखेला आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं. पण त्याआधी दोन दिवस ते चेन्नईसमोर समुद्रात रेंगाळलं आणि वेळाचेरी, पळ्ळिकरणै वगैरे भाग पाण्यात गेले. शॉक लागू नये म्हणून अनेक भागांत वीज मुद्दामच बंद ठेवावी लागली. वादळ आपल्या गावाला धडकणार नाही असं ऐकून निर्धास्त झालेल्यांची पंचाईत झाली.

खडकवासल्याला एनडीएत असताना लष्करी इतिहासाच्या तासाला एक वाक्य सारखं कानावर पडायचं: सैन्यं नेहमी मागच्या लढाईची तयारी करतात. घरंही तेच करतात. पुरानंतर सामान उंचावर ठेवलं, तर वारा आला. वाऱ्यानंतर खिडक्या घट्ट केल्या, तर पाणी आलं. तिन्ही वेळा सारखी गोष्ट एकच होती. वीज गेली, आणि तिच्यामागोमाग पाणी, पैसा आणि फोन. आमच्या आजोळच्या घरावरची कौलं पावसाळ्यात उडायची, पण आडाला पाणी, चुलीला लाकूड आणि कोनाड्यात कंदील असायचाच. आजच्या फ्लॅटचं छप्पर शाबूत राहतं आणि आतलं सगळं एका तारेला टांगलेलं असतं. जून 2020 च्या 'निसर्ग' वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या लोकांनी कित्येक आठवडे अंधारात काढले, त्यांना हे सांगायला नको.

यावर मला सापडलेला सगळ्यांत नेमका सल्ला तीनशे वर्षं जुना आणि मराठी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर प्रकरण आहे. त्यात पंत बजावतात, की गडावर पाण्याचा एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून जखिऱ्याचं पाणी वेगळं ठेवावं, त्यासाठी निराळी टाकी बांधावीत आणि ते एरवी खर्चू नये. पाणी साठवायला सगळेच सांगतात. साठवलेलं रोजच्या वापरातून वेगळं काढायला पंत सांगतात.

हवामान खातं चार टप्प्यांत इशारा देतं: साधारण 72, 48, 24 आणि 12 तास आधी. आम्ही घरातली कामं त्यावरच बांधली आहेत.

72 तास उरले की जखिरा तपासायचा. आईची महिन्याची औषधं, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, भरलेला सिलिंडर, गाडीत इंधन, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून काळ्या ट्रंकेत. इन्व्हर्टरचा हिशोब बायकोने कपाटावर चिकटवला आहे. 150 अँपिअर-अवरची बॅटरी, दोन पंखे आणि तीन दिवे धरले तर सहा-सात तास. नुसते दिवे ठेवले तर दोन रात्री सहज. पंखा कुणाला आणि किती वेळ, हे उजेड असतानाच ठरवायचं.

48 तासांना पाणी. पंप विजेवर चालतो, म्हणून वरची टाकी काठोकाठ. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, चौघांचे तीन दिवसांचे साठ. माझं नाव मी त्यात धरतो, ते पाणी शेजाऱ्याला होतं. हे जेरीकॅन वेगळे, त्यांना रोजच्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या. वीज गेल्यावर इन्सुलिन थर्मासमध्ये त्यांच्या सोबतीला जातं, पण बर्फाला टेकू न देता, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

24 तासांना गॅलरीतल्या कुंड्या आत, फोन आणि पॉवर बँक चार्ज, स्कूटर उंचावर. 12 तासांनंतर कुणी बाहेर जात नाही. पाणी उंबऱ्याशी आलं की मेन स्विच बंद, आणि त्याबरोबर इन्व्हर्टरही. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे सॉकेट जिवंत असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. हे काम मुलीकडे आहे, आणि तिने ते डोळे मिटून करून दाखवलं आहे.

अकरा नंबरचा बावटाही आमच्याकडे आहे. माझा फोन लागला नाही तर काळजी करत बसायचं नाही, ठरल्याप्रमाणे वागायचं. वाट बघत राहिलेलं घर सगळ्यांत उशिरा हलतं.

पुराच्या कामात बोट आणि माणसं नेहमी कमी पडतात. जे घर तीन दिवस स्वतःच्या बळावर निघू शकतं, त्याच्या दाराशी थांबावं न लागल्याने ती बोट खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे किंवा नदीकाठच्या झोपडीकडे लवकर पोचते. त्या रात्री मी कुणाच्या तरी दाराशी असेन, आणि माझ्या घरी बोट लागू नये एवढीच माझी धडपड आहे.

म्हणून किल्ल्यावरचा तो जुना नियम आम्ही घरात चालू केला आहे. झेंडा उतरायचा तेव्हा, ऑक्टोबरच्या मध्याला, जेरीकॅन रिकामे करून धुवायचे, नव्याने भरायचे, औषधांच्या तारखा बघायच्या. अर्ध्या रविवारचं काम आहे. तुम्ही कोकणात असाल तर हाच रविवार मेमध्ये धरा.