सातवीपर्यंतची शाळा

माघी पौर्णिमेच्या सुमारास जोयडा तालुक्यातल्या उळवीच्या रस्त्याला धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्यांची रीघ लागते. बाराव्या शतकात बसवकल्याणमधल्या धुमश्चक्रीनंतर बसवण्णांची अनुयायी शरणमंडळी वचनांच्या पोथ्या सांभाळत या रानात शिरली आणि त्यांच्यातल्या चन्नबसवण्णांनी इथेच समाधी घेतली, अशी लिंगायतांची श्रद्धा आहे. पोथ्या लपवायला हे जंगल सोयीचं होतं. शाळा चालवायला मात्र ते कधीच सोयीचं ठरलं नाही.

टिपूच्या पाडावानंतर, १७९९मध्ये, हे रान ज्यात येतं तो कानडा प्रांत इंग्रजांनी मद्रास इलाख्यात घेतला. त्याचा उत्तरेकडचा भाग १८६२ साली मुंबई इलाख्याला जोडला गेला. मराठी माणूस त्याला कारवार जिल्हा म्हणू लागला. या बदलीबरोबर इथल्या शाळांचा कारभारही मुंबईच्या शिक्षण खात्याकडे आला. हे खातं १८५५ सालचं. देशी भाषेतली सातवीपर्यंतची शाळा आणि शेवटी व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा, अशी मुंबईची घडी पुढे बसली. फायनल झालेल्या मुलाला मास्तरकी मिळे, तलाठ्याची नोकरीही मिळू शके. इंग्रजी शाळेची वाट निराळी आणि खर्चाची. त्यामुळे आज आपण जिला मधली शाळा समजतो, तीच तेव्हा बहुतेकांसाठी शेवटची होती.

शिकवायचं कोणत्या भाषेत, हा तंटाही त्याच काळातला. मुंबईच्या अमलाखालच्या कानडी मुलखात मराठी शाळांचं प्रस्थ होतं. धारवाडकडे शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी कानडी शाळांचा आग्रह धरला तो त्यामुळे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. जोयड्याच्या रानात मात्र घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी. तिथल्या कुणबी पोराला मराठी-कानडी यांतली कुठलीच पुस्तकी भाषा घरची नव्हती.

मुंबईच्या १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या; जुनी माणसं 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती यातूनच. १ नोव्हेंबर १९५६ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. फलक बदलले, पाठ्यपुस्तकं बदलली, तरी सातवीची वेस जागेवरच राहिली. कर्नाटकातली सरकारी उच्च प्राथमिक शाळा आजही बहुतेक ठिकाणी सातवीलाच संपते आणि आठवीसाठी हायस्कूल गाठावं लागतं.

मग धरण आलं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपे गाव, म्हणजे खुद्द तालुक्याचं ठिकाण, १०१ मीटर उंचीच्या सुपे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली. गाव उठलं की त्याची शाळाही उठते, आणि पटावरची पोरं चार वाटांनी पांगतात.

शिक्षणहक्क कायद्याखालच्या २०१०च्या केंद्रीय नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. सपाटीवरच्या माणसाने आखलेलं हे अंतर. इथे दोन-चार घरांच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत, आणि मध्ये पावसाळ्यात फुगणारे ओढे आहेत. अशा मुलखासाठी वाहनाची किंवा राहण्याची सोय करावी, अशी तरतूद त्याच नियमांत आहे. खरा उपयोग तिचाच.

राहण्याच्या सोयीला कर्नाटकात जे नाव मिळालं, ते गमतीचं आहे. सहावीपासून मुलांना ठेवून घेणाऱ्या बऱ्याच सरकारी शाळा मोरारजी देसाईंच्या नावाने चालतात, आणि १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यातून बाहेर पडला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या राज्याचे मुख्यमंत्री मोरारजीच होते. या शाळांत प्रवेश परीक्षेने मिळतो. म्हणजे वाडीवरच्या पोराची पहिली मोठी परीक्षा आता सातवीच्या शेवटी नव्हे, पाचवीतच होते, आणि ती पार केली की घरही दहाव्या-अकराव्या वर्षीच सुटतं.