खंदकाची वर्गणी, कारंज्याची देणगी

चर्चगेट स्थानकावर रोज लाखो लोक उतरतात. पण ज्या दरवाजावरून ते नाव पडले तो तिथे कधीच नव्हता. तो होता पूर्वेला, आज फ्लोरा फाउंटन उभे आहे तिथे. कंपनी सरकारच्या तटबंद मुंबईला उत्तरेस बाजार गेट, दक्षिणेस अपोलो गेट आणि पश्चिमेस हे चर्च गेट, असे तीन दरवाजे होते. यातून आत जाणारा रस्ता थेट सेंट थॉमस चर्चकडे जाई.

तट अठराव्या शतकाच्या आरंभीचा. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मराठे मुंबईच्या उंबरठ्यावर आले. नुसत्या भिंतीवर इंग्रजांचा भरवसा उरला नाही. तटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. हा आकडा लक्षात ठेवावा.

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तटाआडचे शहर गुदमरू लागले होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये कारंजे उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीव काम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडातील पोर्टलंडचा. म्हणून ते ‘इंग्रजांनी दिलेले’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. खर्चातील २०,००० रुपये खर्शेटजी फर्दुनजी पारेख या पारशी व्यापाऱ्याचे होते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा शहर बंद करण्यासाठी गेला होता. आता तो शहर उघडल्याच्या खुणेसाठी आला.

रहदारीच्या मधोमध फुलांची रोमन देवता कशासाठी? कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले होते, एवढेच त्याचे उत्तर.

२१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा जमाव याच चौकात जमला होता. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असलेल्या मुंबई राज्याच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ जण मृत्युमुखी पडले. मराठ्यांच्या भीतीने जिथे खंदक खणला, तिथेच मराठी माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या, असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आवरावा; कंपनीचा तट आणि १९५५ चे लोकनियुक्त सरकार यांना एका ओळीत बसवणे सोपे आहे, योग्य नाही. जागा मात्र तीच.

आंदोलनातील बळींची संख्या पुढे शंभरावर गेली. १९६१ मध्ये कारंज्याजवळ स्मारक उभे राहिले. त्यावर ना राजा आहे, ना गव्हर्नर, ना देवता. एक शेतकरी आणि एक कामगार आहेत, आणि दोघांनी मिळून उचललेली एक मशाल. चौकाचे अधिकृत नाव हुतात्मा चौक. बोलण्यात अजून ‘फाउंटन’.