बालवीर-नायकांचा गणवेश : नियम आणि वहिवाट

जाबता आणि वहिवाट या दोन गोष्टी एक नव्हेत, हें मराठेशाहीचे कागद हाताळणाऱ्यांस सांगावयास नकोच. कानुजाबत्यांत अष्टप्रधानांचीं कामें नमूद आहेत. पण तीं प्रत्यक्षांत कोणीं व कशीं चालविलीं याचा निर्णय पत्रें, यादी व हिशेब यांवरूनच करावा लागतो. हीच कसोटी अर्वाचीन काळांतील, वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या एका विषयास लावून पाहण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. बालवीर, म्हणजे बॉय स्काउट, चळवळींत मुलांस शिकविणारीं प्रौढ माणसें बहुतेक बिनपगारी व हौसेनें काम करणारीं. त्यांनीं कोणता पोशाख करावा याचे नियम कां झाले, आणि त्या पोशाखाचे जे अवशेष आज पेट्यांतून व आल्बमांतून सांपडतात त्यांवरून संशोधकानें काय अनुमान काढावें, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल हे सैन्यांतील अधिकारी. इ. स. १९०० मध्यें दक्षिण आफ्रिकेंत उभारलेल्या पोलीस दलाचे ते प्रमुख होते. त्या दलाचा खाकी पोशाख व रुंद सपाट काठाची हॅट यांचा ठसा पुढें बालवीरांच्या गणवेशावर उमटला. ऑगस्ट १९०७ मध्यें इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर प्रयोगादाखल भरलेल्या छावणींत मात्र ठरीव गणवेश नव्हता. मुलांस खाकी स्कार्फ व फ्लर-द-ली फुलाचें पितळी चिन्ह एवढेंच मिळालें. त्या छावणींत प्रतिष्ठित शाळांतील धनिकांचे मुलगे होते, तसे कामकरी कुटुंबांतलेहि होते. अंगावरील कापडावरून बापाची मिळकत ओळखूं येऊं नये, हा समान पोशाखाचा पहिला हेतु. १९०८ सालीं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हें पुस्तक निघालें, जागोजाग पथकें उभीं राहिलीं आणि गणवेश रूढ झाला.

मुलांपुरता हा हेतु सरळ आहे. खरी अडचण प्रौढांची. त्या काळच्या इंग्लंडांत अर्धी विजार हा मुलांचा पोशाख होता. प्रतिष्ठित गृहस्थानें उघड्या गुडघ्यांनीं भर रस्त्यांतून जावें म्हणजे लोकांच्या थट्टेस आमंत्रण देण्यासारखें होतें. बेडन-पॉवेल यांनीं स्वतः सेनापतीच्या दर्जाचे असतां ती विजार घातली व इतर नायकांनींहि ती घालावी असा आग्रह धरला. या आग्रहाचें मर्म आमच्या मतें असें कीं, जो नियम मुलास लागू तोच शिकविणारासहि लागू. मुलानें स्कार्फ नीट बांधावा असें सांगणाऱ्याचा स्वतःचा स्कार्फ सुटलेला असेल तर त्याचा उपदेश वाऱ्यावर जातो. उलटपक्षीं, नायकाचा अधिकार दिसावा म्हणून हॅटवरील तुरे व निरनिराळीं चिन्हें हींहि नियमांत आलीं. समता आणि अधिकार अशीं दोन परस्परविरुद्ध तत्त्वें एकाच पोशाखांत नांदत होतीं, आणि प्रौढांच्या गणवेशाविषयींचे बहुतेक वाद या विरोधांतूनच उद्भवले आहेत.

लौकरच या पोशाखास कायद्याचें पाठबळ मिळालें. ४ जानेवारी १९१२ रोजीं संस्थेस राजसनद मिळाली. महायुद्धाच्या आरंभीं, १९१४ सालीं, ब्रिटिश सरकारनें हा गणवेश लोकसेवा करणाऱ्या बिनलष्करी संस्थेचा म्हणून मान्य केला. पुढें १९२६ सालीं पार्लमेंटानें सनदी संस्थांचीं नांवें व गणवेश यांच्या संरक्षणार्थ स्वतंत्र कायदाच केला. अमेरिकेंत १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यानें सैन्यासारखा पोशाख करण्यास इतरांस मनाई केली, तेव्हां बालवीरांस त्यांतून वगळावें लागलें. एवढा खटाटोप कशासाठीं? आईबाप आपलें मूल चार दिवसांच्या छावणीसाठीं एका परक्या माणसाच्या हवालीं करतात, तेव्हां त्याच्या अंगावरील पोशाख हा त्यांस जामीनकतब्यासारखा वाटतो. पण कापड कोणासहि शिवून घेतां येतें. म्हणून पोशाखामागें नेमणुकीची सनद आणि शिक्षण असणें अवश्य ठरलें.

हें शिक्षण लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथें सुरू झालें. ती जागा मॅक्लारेन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देणगींतून १९१९ सालीं खरेदी झाली व नायकांचा पहिला वर्ग ८ सप्टेंबर १९१९ रोजीं भरला. तेथें प्रौढांच्याच तुकड्या पाडीत व त्यांस मुलांप्रमाणें राहावयास लावीत. उत्तीर्ण झालेल्यास चामड्याच्या दोरींत ओंवलेले दोन लाकडी मणी मिळत. त्यांचा मूळ नमुना झुलू राजा दिनुझुलु याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या माळेंतील होता. गिलवेलच्या स्कार्फावर मॅक्लारेन घराण्याच्या चौकटींच्या कापडाचा तुकडा शिवलेला असतो. हे मणी हुद्दा दाखवीत नाहींत, शिकणें दाखवितात. अधिकार आणि समता यांचा मेळ कोठें बसला असेल तर तो या दोन मण्यांत, असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९०९ सालीं बंगळूर येथें चळवळ सुरू झाली ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं. एतद्देशीय मुलांस तींत आरंभीं प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंटबाई व जॉर्ज अरुंडेल यांनीं १९१७ सालीं मद्रासेंत भारतीय मुलांची निराळी संस्था काढली. तिच्यांत हॅटच्या जागीं पागोटें आलें. १९१८ सालीं अलाहाबादेस पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीचीं पथकें उभारलीं. १९२१ सालीं बेडन-पॉवेल हिंदुस्थानांत आले असतां बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेंत विलीन झाली. सेवा समिति मात्र वेगळीच राहिली. १९३७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं भारतीयांविषयीं काढलेल्या अनुदार उद्गारांमुळें क्षोभ उसळला आणि १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. मूळ संस्थेंतहि भारतीय कार्यकर्ते होतेच. नागपूरचे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस, जे पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेले, त्यांनीं मध्यप्रांतांत या कार्यास अनेक वर्षें वाहून घेतलें होतें. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं या संस्था एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली व १५ ऑगस्ट १९५१ रोजीं बालवीरांगनांची संस्थाहि तींत मिळाली.

मद्रासेच्या पागोट्यानें एकरूपतेस बाध आला काय? आमचें उत्तर नकारार्थीं आहे. नायक आणि मुलगा या दोघांच्याहि डोक्यावर तेंच असल्यावर गणवेशाचें तत्त्व पुरतें साधलें. लंडनशीं सारखेपणा ही निराळी गोष्ट होती. आपल्या पथकांतील मुलांशीं सारखेपणा हीच नायकाची खरी कसोटी.

आतां संग्राहकांस उपयोगी अशी एक गोष्ट. इंग्लंडांत १९६६ च्या अहवालानंतर रुंद काठाची हॅट व अर्धी विजार जाऊन बेरे टोपी व पूर्ण विजार आली. हा व इतर बदल न रुचलेल्यांनीं १९७० सालीं बेडन-पॉवेल यांच्या नांवानें निराळी संस्था काढून जुना पोशाख चालू ठेविला. समजा, एखाद्या छायाचित्रांत नायक जुन्या हॅटमध्यें उभा आहे. तेवढ्यावरून तें १९६७ पूर्वींचें असें म्हणणें धाडसाचें होईल. नियम बदलला म्हणून स्वखर्चानें शिवलेले कपडे कोणी त्याच दिवशीं टाकून देत नाहीं. शिवराई इंग्रजी अमलांतहि पुष्कळ वर्षें चालत होती. म्हणून ती सांपडलेली पुरचुंडी शिवकालीन ठरत नाहीं, तसेंच हें. नवें चिन्ह दिसलें तर काळाची पूर्वमर्यादा मिळते. जुनें चिन्ह दिसलें म्हणून उत्तरमर्यादा मिळत नाहीं.

यासाठीं छापील नियमपुस्तक, नेमणुकीची सनद, छावणीची हजेरी, शिंप्याची पावती व छायाचित्र हीं एकत्र ठेवलीं तरच त्यांस साधनाचें मोल येतें. चिन्ह उसवून घेऊन गणवेश टाकून देणें म्हणजे शिक्का कापून घेऊन पत्र जाळण्यासारखें आहे. बिनपगारी काम करणाऱ्यांचीं नांवें सरकारी दप्तरांत क्वचितच उतरतात. त्यांच्या सेवेचा पुरावा पुष्कळदां एका विटलेल्या स्कार्फांत व दोन मण्यांतच उरतो. असे अवशेष ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते मूळ जुडग्यासह, कोणाचे व केव्हांचे याची चिठी जोडून, सुरक्षित ठेवावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.