सूर्याला रंग कोणी दिला? छायाचित्रांवरील संस्कारांचा इतिहास

डिसेंबर २०२३ मध्ये इस्रोने आदित्य-एल१ या यानाने टिपलेली सूर्याच्या पूर्ण बिंबाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती टिपणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे. ती अकरा फिल्टरांतून २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे प्रामुख्याने अतिनील प्रकाश टिपते. हा प्रकाश मानवी डोळ्याला दिसत नाही. मग प्रसिद्ध झालेल्या बिंबांवरचे रंग आले कुठून? ते शास्त्रज्ञांनी भरले. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो: याला विज्ञान म्हणावे की फोटो स्टुडिओतले रिटचिंग? या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासात सापडते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. त्या काळी कलोडियनचा ओला लेप दिलेल्या काचेवर चित्र घेत. या काचेला निळा आणि अतिनील प्रकाश चटकन कळे, तांबडा मात्र जवळजवळ कळतच नसे. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे उमटे आणि तांबूस छटेची त्वचा प्रत्यक्षाहून काळी दिसे. चेहऱ्यावरचे डाग आणि देवीचे व्रण तर अधिकच गडद होत. डोळ्यांना दिसणारा माणूस आणि काचेवरचा माणूस यांत अंतर पडे.

हे अंतर भरून काढण्याच्या गरजेतून रिटचिंगची कला वाढली. निगेटिव्हवर व्रण पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. त्यावर टोकदार शिसपेन्सिलीने हलकेच रेघोट्या ओढल्या की तेथून कमी प्रकाश जातो आणि छापील प्रतीत तो भाग उजळतो. भारतात लघुचित्रांच्या परंपरेतले चित्रकार छापील प्रतींवर रंग चढवीत. आकाशाची अडचण फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी वेगळ्या रीतीने सोडवली. १८५० च्या दशकात त्यांनी समुद्राची एक आणि ढगांची दुसरी निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापले. दुरुस्ती आणि बनाव या दोन्ही गोष्टी अशा एकाच टेबलावर जन्मल्या.

रंगांच्या इतिहासातला एक प्रसंग याहून बोधक आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत फितीची तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांतून घेतलेली तीन छायाचित्रे पडद्यावर एकमेकांवर टाकून रंगीत प्रतिमा दाखवली. पण तांबडा प्रकाश न कळणाऱ्या काचेवर तांबडा भाग उमटलाच कसा? उलगडा व्हायला शंभर वर्षे लागली. १९६१ साली कोडॅकचे राल्फ इव्हान्स यांनी दाखवून दिले, की फितीचा तांबडा भाग अतिनील प्रकाशही परावर्तित करीत असावा आणि मॅक्सवेल यांचा तांबडा फिल्टर तो अतिनील प्रकाश आरपार सोडीत होता. काचेने टिपला तो अतिनील प्रकाश. पडद्यावर तो तांबडा होऊन अवतरला. तत्त्व अचूक होते, प्रतिमा मात्र नकळत आभासी रंगांची ठरली.

हेच तीन रंगांचे तत्त्व पुढे छपाईत आले आणि त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या एका तरुणाच्या हाती पडले. धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयानंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. तेथील रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर रसायनांनी काढून दाखवणारे गज्जर ते हेच. फाळके रतलामला जाऊन तिरंगी ठसे बनवायला शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रणाचे काम केले आणि त्यानंतर लोणावळ्याला छापखाना काढला.

या प्रवासात फाळक्यांना एकाच तंत्राचे दोन वेगळे धर्म सांभाळावे लागले. पुरातत्त्व खात्यासाठी घेतलेल्या छायाचित्रात मंदिराचा भंगलेला कोपरा भंगलेलाच दिसायला हवा. छापखान्यात मात्र शाईच्या मर्यादा ओळखून ठशावर हाताने दुरुस्ती केल्याशिवाय रंग खुलत नसत. ‘राजा हरिश्चंद्र’पासून (१९१३) तर त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी चमत्कारच उभे केले. तरीही ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी आधी स्वतःच्याच रूपात प्रेक्षकांसमोर येते, निरनिराळे हावभाव करून दाखवते आणि त्यानंतर श्रीकृष्ण होते. जादूगाराने खेळापूर्वी हात उघडून दाखवावेत, तसा हा प्रकार.

अंधाऱ्या खोलीतील तंत्रे विज्ञानालाही उपयोगी पडली. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली फिकट पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच ठेवून चित्र छापले, तर मोठे उजेड-अंधार दबतात आणि बारकावे उठून दिसतात. यालाच ‘अनशार्प मास्क’ म्हणतात. खगोल छायाचित्रकार डेव्हिड मालिन यांनी १९७० च्या दशकात या युक्तीने काही दीर्घिकांभोवतीची अत्यंत अंधुक कवचे उजेडात आणली. ती काचेवर आधीपासून होती. डोळ्यांना दिसत नव्हती इतकेच.

१९८७ साली मिशिगन विद्यापीठातील पीएच.डी.चे विद्यार्थी थॉमस नॉल यांनी कृष्णधवल पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक संगणकीय कार्यक्रम लिहिला. बंधू जॉन यांच्या साथीने तो वाढला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप या नावाने बाजारात आला. त्यातली ‘डॉज’, ‘बर्न’ आणि ‘अनशार्प मास्क’ ही नावे थेट अंधाऱ्या खोलीतून आली आहेत. पूर्वी मोजक्या कारागिरांकडे असलेली ही विद्या आता सर्वदूर पसरली आहे. रायपूरजवळच्या अभनपूरसारख्या तहसिलीच्या गावातही पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी बदलणे काही क्षणांचे काम आहे.

प्रयोगशाळाही याला अपवाद राहिल्या नाहीत. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत शोधनिबंधांतील प्रतिमा तपासायला सुरुवात केली. २०१६ साली एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद प्रतिमा आढळल्या. काही चुका अनवधानाच्या होत्या, काही हेतुपुरस्सर वाटाव्यात अशा. अशा प्रतिमेवर विसंबून दुसरी प्रयोगशाळा वर्षानुवर्षे राबते आणि त्यात लोकांचा पैसा खर्च होतो. प्रतिमा औषधाच्या संशोधनातली असेल, तर शेवटी त्याची किंमत रुग्ण मोजतो.

यातून विज्ञानाने काही नियम बांधले. उजळपणा वा गडदपणा बदलायचा तर तो संपूर्ण प्रतिमेवर सारखा बदलावा. एखादाच भाग पुसू, हलवू किंवा नव्याने घालू नये. रंग कल्पित असतील तर तसे लिहावे. मूळ मोजमापे जपून ठेवावीत आणि मागणाऱ्याला दाखवावीत.

या कसोटीवर ‘सूट’ची बिंबे उतरतात. त्यांतला प्रत्येक उजळ ठिपका दुर्बिणीने मोजलेल्या प्रकाशाचा आहे, कोणत्या फिल्टरातून तो आला हे ठाऊक आहे आणि इस्रो या मोहिमेची मोजमापे अभ्यासकांसाठी ‘प्रदान’ या संकेतस्थळावर खुली करते. रंग काढून टाकले तरी सूर्य तोच उरतो. मॅक्सवेल यांच्या फितीवर अतिनील प्रकाश नकळत तांबडा झाला होता. आज तो जाणूनबुजून आणि सांगून रंगवला जातो. समोर आलेल्या कोणत्याही छायाचित्राविषयी, ते चंद्रावरचे असो वा निवडणूक सभेचे, हेच विचारावे: यावर काय केले आहे, ते सांगितले आहे का आणि मूळ प्रत पाहायला मिळेल का?